खंडूचा बास्किंग स्पॉट: दुपारी दिवा का भडकतो ते सापडलं

सापडलं एकदाचं! खंडू म्हणजे माझा पाळीव सरडा, बिअर्डेड ड्रॅगन (लाडाने बिअर्डी). त्याच्या बास्किंग स्पॉटवर, म्हणजे ऊन खायच्या फरशीवर, ऊब देणारा हॅलोजन दुपारी फुल्ल पेटतो, कारण खंडू दिव्याची वीज कमी-जास्त करणाऱ्या थर्मोस्टॅटच्या प्रोबवर (तापमान टिपणाऱ्या टोकावर) पोट टेकून बसतो. थर्मोस्टॅट ठणठणीत आहे, सेन्सर ठणठणीत आहे, वायरिंगही. सगळा उद्योग आमच्या दाढीवाल्या महाराजांचा.

मागच्या नोंदीत फरशीच्या तापमानाचा आलेख दिला होता. सकाळी रेघ शहाण्यासारखी चढते, ४० अंशांवर सपाट होते आणि भर दुपारी तिला शिंग फुटतं. त्या वेळी थर्मोस्टॅटच्या पडद्यावर ३४ आणि फरशीच्या मागच्या कडेला चिकटवलेल्या लॉगरवर (तापमान नोंदवत राहणारं यंत्र) ४५. एकाच फरशीवर, वीतभर अंतरात, ११ अंशांचा फरक. वैताग असा, की बघायला जावं तर काहीच नाही. मी काचेजवळ गेले की खंडू टुणकन उतरून फांदीखाली जाणार, प्रोब मोकळा होणार, दिवा हळूहळू मंद होणार आणि मी टेम्प गन (दुरून तापमान मोजणारं पिस्तूल) रोखेपर्यंत फरशी पुन्हा ४० वर. शेवटी मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा करून, पडदा आणि फरशी दोन्ही दिसतील असं चित्रीकरण लावलं. त्यात सगळं उघडं पडलं. तो चढतो, दोनदा मान डोलावतो, बरोब्बर प्रोबवर पोट सपाट करतो आणि पडद्यावरचा आकडा घसरायला लागतो: ४०, ३८, ३६... वर दिवा पिवळ्याचा पांढरा होतो.

कारण कळल्यावर सोपं वाटतं. बिअर्डीला स्वतःचं अंग साधारण ३५ अंशांच्या आसपास ठेवायचं असतं. पोटाखालच्या प्रोबला वरून ऊन नाही, लागतो तो फक्त हा ३४-३५ चा देह. सेट पॉइंट, म्हणजे थर्मोस्टॅटला राखायला सांगितलेला आकडा, ४०. थर्मोस्टॅटच्या लेखी फरशी गार पडली, म्हणून तो दिव्याला आणखी वीज देतो. ती सगळी उष्णता उतरते खंडूच्या पाठीवर. पाठ तर फरशीपेक्षा ५ सेंटीमीटर वर, म्हणजे दिव्याच्या तेवढी जवळ. दिवा बिंदूसारखा धरला तर २५ सेंटीमीटरवरून २० वर आलं की मारा दीडपटीहून जास्त होतो. रिफ्लेक्टरच्या दिव्याला हे गणित तंतोतंत लागू नाही, पण दिशा तीच. तोंड वासून बसायचा तो उगाच नव्हे. पाठीवरचे खवले भिंगातून तपासले. काळपट डाग नाही, सुटलेली कात नाही. सुटलो.

प्रोब बास्किंग स्पॉटवरच ठेवा, असं थर्मोस्टॅटसोबतच्या कागदात ठसठशीत छापलंय. हीट मॅटसाठी तो सल्ला रास्त आहे. तिथे उष्णता खालून येते आणि प्रोब मॅटवरून निसटला तर मॅट तापतच राहते. वरून तापवणाऱ्या दिव्याला तोच सल्ला देणाऱ्याने घरात कधी सरडा पाळलेला नसावा.

मग प्रोब ठेवायचा कुठे? इथेच सगळा वेळ गेला.

आधी फरशीखाली. माझी पाटी २ सेंटीमीटर जाड आहे. वरचा पृष्ठभाग तापून खाली बातमी पोचेपर्यंत वर ४६ झालेले असतात. मग दिवा मंद होतो, पाटी निवत जाते आणि तेही खाली उशिराच कळतं. आलेखात झोपाळा. रद्द.

मग मागच्या भिंतीवर, झोतातच, पाठीच्या उंचीला. प्रोबची टोपी चकचकीत स्टीलची. ती इन्फ्रारेड परतवते, त्यामुळे स्वतः कमी तापते आणि आकडा खोटा सांगतो. टेम्प गनलाही हीच अडचण: ती ०.९५ उत्सर्जकता (पृष्ठभाग किती इन्फ्रारेड बाहेर टाकतो त्याचं माप) गृहीत धरते, म्हणून दगड-लाकडावर विश्वासू, चकाकत्या धातूवर बेभरवशाची. आणि काचेतून मापू नका, ती काचेचंच तापमान सांगते. जाता जाता आणखी एक, लेझरचा ठिपका म्हणजे मापाची जागा नव्हे. १२:१ च्या (अंतराच्या बाराव्या भागाइतकं वर्तुळ मोजणाऱ्या) गनने ६० सेंटीमीटरवरून मोजलं तर ५ सेंटीमीटरच्या वर्तुळाची सरासरी मिळते. जवळ जा.

सध्या प्रोब झोताबाहेर, भिंतीच्या सावलीत, झिप टायने बांधलाय. तिथे ३१ दिसले की फरशीवर ४०. म्हणजे थर्मोस्टॅटवरचा आकडा आता तापमान नाहीच, रेडिओच्या बटणासारखी फिरवायची खूण आहे. खरं माप टेम्प गनने फरशीवर. दुपारचं शिंग गेलं. आलेख इतका सपाट आहे की मी तो उगाचच पुन्हा पुन्हा उघडून बघते.

दुसरी मजा दिव्याची. १०० वॉटचा स्पॉट (अरुंद झोताचा दिवा) काढून ५० वॉटचे दोन फ्लड (रुंद झोताचे) शेजारीशेजारी लावले. कोन ३० अंशांचा, अंतर ३० सेंटीमीटर: एका दिव्याखाली जेमतेम १६ सेंटीमीटरचं वर्तुळ मिळतं. पूर्ण वाढलेल्या बिअर्डीचं धडही त्यात मावत नाही, पाठीचा मध्य भाजतो आणि खांदे गार. दोन वर्तुळं एकमेकांवर थोडी चढवली तेव्हा फरशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फरक ३ अंशांत आला. कूल एंड, म्हणजे पेटीचं गार टोक, २५. खंडू आता आडवा, पूर्ण लांब पसरून बसतो. याआधी कायम तिरका, अर्धं अंग बाहेर. शिवाय छोटा दिवा जवळपास पूर्ण ताकदीने चालतो, हे मला जास्त आवडतं. मोठा दिवा मंद करून चालवला की उजेड तांबूस होतो आणि हॅलोजन घ्यायचा तो ज्या लघु-तरंग इन्फ्रारेडसाठी, त्याचाच वाटा घटतो. सीएचईमधून (उजेड न देता नुसती ऊब देणारा सिरॅमिक हीटर) तर लांब तरंगांचीच ऊब मिळते, कातडीच्या वरच्या थरात मुरून जाणारी. खोकं नीट वाचून घ्या मात्र. एका दुकानदाराने मला 'फ्लड' म्हणून जे दिलं ते चक्क १० अंशांचं स्पॉट निघालं, आणि परत घ्यायला कुरकुर केली ती वेगळी. होल्डर चिनी मातीचेच; प्लॅस्टिकचे फेकून द्या.

रात्रीसाठी सीएचई आणि त्याला वेगळा पल्स थर्मोस्टॅट असा बेत होता. तो मोडीत. लॉगरवर पहाटेचा सर्वांत खालचा आकडा २०. बिअर्डीला रात्री एवढा गारवा खपतो, उलट हवाच. पैसे वाचले.

आता खुसपट. सावलीतला प्रोब हवा मोजतो. खोली गार असली की भिंत ३१ वर ठेवायला दिवा जास्त राबतो आणि फरशी ४० ऐवजी ४३ वर जाते. काल पहाटे गारठा होता, तेव्हा हेच झालं. म्हणून आतापर्यंत ऋतूनुसार सेट पॉइंट बदलत राहायचं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिताच आठवलं: सरड्यांवर काम करणारे संशोधक रानात पोकळ तांब्याचे सरडे ठेवतात. प्राण्याच्या आकाराचे, त्याच्याच रंगाचे, आत सेन्सर. ऊन, हवा, जमीन, सगळ्यांचा मिळून अंगावर जो परिणाम होईल तो एका आकड्यात मिळतो. सरपटणारे प्राणी जागा बदलून अंगाचं तापमान सांभाळतात हे कोल्स आणि बोगर्ट यांनी १९४४ मध्ये वाळवंटातल्या प्राण्यांवर दाखवलं. ते मोजायची ही पुढची युक्ती. मग प्रोबला तेच कवच का नको?

तांब्याच्या नळीचा वीतभर तुकडा पडलेला आहे. एक तोंड ठोकून बंद करायचं, दुसऱ्यातून डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर सरकवायचा (±०.५ अंश, आपल्याला पुरे), बाहेरून चमक नसलेला मातकट रंग. चकचकीत टोपीचा प्रश्नही त्यातच मिटला. तो झोताच्या कडेला, फरशीपासून ५ सेंटीमीटर वर, म्हणजे पाठीच्या उंचीला बसवायचा. मात्र आधी फक्त लॉगरला जोडणार. दिव्याची सूत्रं इतक्यात त्याच्या हाती नाहीत. आणि रंग पूर्ण वाळून वास जाईपर्यंत तो बाहेरच, दिव्याखाली दोनचार वेळा तापवूनच आत जाईल.

खंडू त्याच्यावरही चढून बसणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यामुळे भोवती जाळीचा पिंजरा हवा. जाळी मोठ्या भोकांची, नाहीतर सावली पडेल. पण नखं अडकणार नाहीत इतकी मोठी की इतकी बारीक, यावर अडले आहे. उद्या पुठ्ठ्याचा नमुना कापून बघते.