व्हीलर पीक: आधी माथा, मग तळं

जुलैचा शेवटचा शनिवार. ताओस स्की व्हॅली, न्यू मेक्सिको, अमेरिका.

विल्यम्स लेक हे तळं आणि व्हीलर पीक हे शिखर ही जोडी एका दिवसात नीट होते, फक्त क्रम उलटा लावावा लागतो. तळं वाटेत आधी येतं, म्हणून बरेच जण आधी तिथेच जाऊन बसतात. नाश्ता, फोटो, पाय पसरून गप्पा यात तास-दीड तास सहज जातो आणि शिखराची खरी चढण सुरू होते तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात. तळं दुपारीही जागेवरच असतं. सकाळचं मोकळं आकाश मात्र तेव्हा नसतं.

इथेही जुलै-ऑगस्ट म्हणजे मान्सून. पण सह्याद्रीतला मान्सून डोक्यात ठेवून आलं की हमखास फसगत. तिकडे पाऊस लागला की चार-चार दिवस हटत नाही. इथे पहाट लख्ख असते. उतारांवर ऊन पडलं की दमट हवा वर चढायला लागते, दहाच्या सुमारास पांढरे पुंजके दिसतात, अकरापर्यंत त्यांची बुडं काळी पडतात आणि बाराच्या मागेपुढे गडगडाट. भिजण्याचं काही वाटत नाही, भीती विजेची. झाडी संपली की माथ्यापर्यंत उघडा घसारा (सुट्या दगडांचा उतार) आहे आणि त्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आपण. त्यामुळे हिशेब सोपा: दहापर्यंत माथा, बाराच्या आत परत झाडीत. अकरा वाजले की जिथे असू तिथून मागे. शिखर पंधरा मिनिटांवर दिसत असलं तरी.

पहाटे ५:३०, वाहनतळ. शेवटचे दोन-तीन किलोमीटर ट्विनिंग रोडच्या चढाच्या कच्च्या रस्त्याने यावं लागतं. साधी गाडी येते, पण शनिवार-रविवारी उशिरा आलं की जागा मिळत नाही. पेट्रोल खाली ताओस गावातच भरून घ्यायचं. परवाना नाही, शुल्क नाही. वाहनतळाची उंची साधारण ३,१०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) जवळजवळ दुप्पट, आणि इथे अजून बुटाची नाडीही बांधलेली नसते. डॅलस-ह्यूस्टनहून गाडी हाकत येणारी आपली मंडळी बरीच. समुद्रसपाटीवरून निघून दुसऱ्याच दिवशी चढायला लागलेल्यांचं डोकं वाटेतच धरतं. एक रात्र ताओसला (सुमारे २,१०० मीटर) आणि शक्य तर एक रात्र स्की व्हॅलीत (सुमारे २,८०० मीटर) काढली की फरक पडतो. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायचं तर डॉक्टरांना विचारून, आणि आदल्या दिवसापासून. डोकं दुखायला लागल्यावर गोळी शोधण्यात अर्थ नाही.

पाठपिशवीत माणशी ३ लिटर पाणी, त्यातलं एक लिटर लिंबू-मीठ-साखरेचं. वर भूक मरते, कोरडं काही घशाखाली उतरत नाही. पोळीभाजी तशीच परत येते. खारे शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, आंबटगोड गोळ्या, थोडं थोडं पण दर तासाला. वाऱ्याचं जाकीट, पातळ हातमोजे, कानटोपी. जुलैतही माथ्यावर वारा सुटला की बोटं बधिर होतात. टॉर्च डोक्याला लावायची. सूर्य सहाच्या पुढे उगवतो.

सुरुवातीचा टप्पा स्कीच्या उतारांमधून, स्की-लिफ्टच्या पाळण्यांच्या तारांखालून, रुंद रस्त्याने जातो. अंधारात फाटे चुकवतात ते इथेच. पुढे वाट स्प्रूसच्या दाट झाडीत शिरते, मधे दगडांचे पट्टे ओलांडते. सुमारे ३ किलोमीटरवर, तळ्याच्या थोडं अलीकडे, डावीकडे व्हीलरची वाट फुटते. सव्वा तास पुरतो. चाल एवढीच ठेवायची की बोलताना वाक्य तुटू नये. ही पहिली चढण जोरात मारणारे पुढे दर वळणावर बसलेले भेटतात.

फाट्यापासून माथा साधारण साडेतीन किलोमीटर आणि ६४० मीटर चढ. दोन-अडीच तास. झाडं खुजी होत जातात, वाऱ्याने एका बाजूला वाकलेली, मग संपतात. पुढे सुट्या दगडांवरून लांबच लांब आडवी वळणं. काही जण ती कापून थेट उभे चढतात: वेळ वाचत नाही, दम जातो आणि सुटलेला दगड खालच्या वळणावरच्या माणसाकडे जातो. दगडांतून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो तो पायकाचा, मुठीएवढ्या, गोल कानांच्या प्राण्याचा. तोंडात आडवी गवताची काडी धरून तो दगडाखाली शिरतो, लगेच रिकाम्या तोंडाने बाहेर येतो. हिवाळ्याची बेगमी चाललेली असते. मार्मट, म्हणजे जाडजूड खारीसारखा प्राणी, मात्र चोर. घामाच्या मिठासाठी पिशवीचे पट्टे नि काठ्यांच्या मुठी कुरतडतात. पिशवी टाकून फोटोला जायचं नाही.

वाट धारेवर येते ती खिंडीत. उजवीकडे व्हीलर, १३,१६१ फूट (४,०११ मीटर), न्यू मेक्सिकोचं सर्वोच्च शिखर. डावीकडे माउंट वॉल्टर, जेमतेम २० फूट कमी. आकाश साफ असेल तर दोन्ही करावीत, नाहीतर उजवीकडेच वळावं. १८७० च्या दशकात पश्चिमेचं सर्वेक्षण करणाऱ्या जॉर्ज व्हीलरचं नाव या शिखराला आहे. हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के. नुसतं डोकं जड झालं असेल तर पाणी, विसावा. पण उलटी किंवा अडखळती चाल दिसली तर चर्चा न करता खाली, आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.

दक्षिणेकडे धारेवरून पुढे भटकू नये. तिकडची जमीन ताओस प्वेब्लोच्या लोकांची, म्हणजे इथल्या मूळ आदिवासी जमातीची. त्यांचं पवित्र ब्लू लेक १९०६ मध्ये सरकारने वनक्षेत्रात घेतलं होतं. चौसष्ट वर्षं झगडून, डिसेंबर १९७० मध्ये, ४८,००० एकरांसह त्यांनी ते परत मिळवलं. बाहेरच्यांना तिथे प्रवेश नाही. ‘जरा डोकावून येतो’ म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

उतरताना घसरतात ते कठीण मातीवरच्या बारीक खडीमुळे. काठ्या पाच-सात सेंटीमीटर लांब कराव्यात, पावलं आखूड, टाच दाबून. केस उभे राहिले किंवा काठी गुणगुणायला लागली तर वीज अगदी जवळ आहे: धार सोडायची, एकमेकांत अंतर ठेवून झपाझप खाली. एकट्या झाडाचा आडोसा घ्यायचा नाही, सारख्या उंचीच्या दाट झाडीत शिरायचं.

आता फाट्यावरून तळ्याकडे. पाच-सात मिनिटं. तळं लहान आणि उथळ; हिवाळ्यात तळापर्यंत गोठतं, म्हणून त्यात मासे नाहीत. पाणी नितळ दिसलं तरी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, आणि साबण तर नाहीच. पाय बुडवायचे तर आधी गुडघ्याचे पट्टे काढून ठेवावेत, ओले झाले की परतीच्या ३ किलोमीटरांत कातडं सोलतात. गडगडाट ऐकू आला की काठावरून उठून झाडीत.

वाहनतळापर्यंत तासभर. सगळी चाल तेरा-चौदा किलोमीटर. ट्विनिंग रोडवर गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवायची. थकलेला पाय ब्रेकवर ठेवून आलं तर खाली पोहोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास सुटतो.