आज आजी गायल्या
आज चर्चमध्ये उपासनेला गिटारवाली मुलं आलीच नाहीत. मग एका काकांनी पेटी पुढे ओढली आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन धरलं. पडद्यावरच्या इंग्रजी गाण्यांना नुसत्या उभ्या राहणाऱ्या शेजारच्या आजी डोळे मिटून, मांडीवर ताल धरत शेवटच्या कडव्यापर्यंत गायल्या. पुस्तक उघडलंसुद्धा नाही. मला भरून आलं.

अमेरिकन मिशनरी मुंबईत आले १८१३ मध्ये. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी अभंग, कीर्तन ख्रिस्ती मंडळीत रुजवलं. १९१७ मध्ये तर मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा काढला, बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा! केवढं धाडस ते. आणि आम्ही पेटीवर धूळ बसू दिली.

घरी आजोबांचे टाळ आहेत. पुढच्या रविवारी घेऊन जाणार.