ऑफसेट की डिजिटल : मजकूर किती दिवस टिकणार आहे?

छपाईचे काम ठरवताना ‘एका प्रतीला किती पडेल’ हाच प्रश्न बहुतेक वेळा पहिल्यांदा विचारला जातो आणि निवड तिथेच चुकू लागते, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटवरून शाईने होणाऱ्या छपाईत, बराचसा खर्च पहिली चांगली प्रत हाती येण्यापूर्वीच झालेला असतो. चार रंगांच्या चार अ‍ॅल्युमिनियम प्लेटा करायच्या, त्या मशीनवर चढवायच्या, पाणी आणि शाईचा मेळ बसवायचा आणि चारही रंग एकमेकांवर नेमके बसेपर्यंत कागद वाया जाऊ द्यायचा. प्रती दोनशे असोत की दहा हजार, हा खर्च तेवढाच राहतो. म्हणून संख्या वाढेल तशी प्रत स्वस्त पडते. डिजिटलला, म्हणजे संगणकातल्या फाइलवरून थेट होणाऱ्या छपाईला, प्लेटच लागत नसल्यामुळे पहिली प्रत आणि पाचशेवी प्रत यांच्या खर्चात फारसा फरक पडत नाही.

या हिशेबात न वापरलेल्या प्रती मात्र कुठेच धरलेल्या नसतात. दर कमी बसतो म्हणून मी एकदा गरजेच्या दुप्पट माहितीपत्रके ऑफसेटवर छापून घेतली. सहा महिन्यांत त्यावरचा दूरध्वनी क्रमांक बदलला आणि उरलेले गठ्ठे रद्दीत गेले. तेव्हापासून मजकूर किती दिवस टिकणार आहे, हे मी आधी विचारतो. प्रत्येक प्रतीवर वेगळे नाव किंवा वेगळा मजकूर हवा असेल, तर डिजिटलला पर्याय नाही.

दर्जाबाबत डिजिटलला सरसकट कमी लेखणे आता योग्य नाही, पण काही मर्यादा खऱ्या आहेत. टोनर, म्हणजे डिजिटल मशीनमधली भुकटीसारखी शाई, कागदात मुरत नाही, उष्णतेने वितळून पृष्ठभागावर बसतो. त्यामुळे जाड आर्ट पेपरवरचा सलग गडद रंग सरळ दुमडला, की घडीच्या धारेवर थर तडकतो आणि पांढरी रेघ उघडी पडते. आधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खोबणी पाडणे, करून घेतले आणि घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने ठेवली, तर हा दोष पुष्कळच कमी होतो. काही निळ्या आणि नारिंगी छटा चार रंगांच्या मिश्रणातून नीट उतरत नाहीत. ऑफसेटवर त्यांच्यासाठी स्वतंत्र शाई तयार करून घेता येते. म्हणून एकाच संस्थेचे लेटरहेड ऑफसेटवर आणि व्हिजिटिंग कार्ड डिजिटलवर छापायचे असेल, तर दोन्हींवरचे बोधचिन्ह शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

पुस्तकाच्या बाबतीत मी पहिल्या पन्नासेक प्रती डिजिटलवर काढून जाणकारांना वाचायला देतो, त्यांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त करतो आणि मगच प्लेटा करायला सांगतो. त्या प्रतींवरचा रंग ऑफसेटवर जसाच्या तसा येईल, असे मात्र गृहीत धरत नाही. मुखपृष्ठ छापताना मशीनपाशी उभा राहून पसंत पडलेल्या तावावर सही करतो आणि पुढची सगळी छपाई त्या तावाशी ताडून घेतली जाते.