कल्याणच्या पुढे रूळ नाहीत असं समजा

माझ्या रोजच्या गाडीच्या नावात ज्या गावाचं नाव आहे, त्या गावाला ती प्रवासी घेऊन जाऊन सुमारे ऐंशी वर्षं झाली. मी दक्षिण कोरियात राहतो, आणि गाडी ग्योंगुई मार्गाची. 'ग्योंग' म्हणजे राजधानी, अर्थात सोल. 'उई' म्हणजे उइजू, थेट चीनच्या वेशीवरचं सिनउइजू. रशियाशी युद्ध चालू असताना जपान्यांनी घाईघाईनं हा मार्ग टाकला आणि 1906 मध्ये तो पुरा झाला. लांबी सुमारे 500 किलोमीटर. आज मी उन्जोंगला चढतो तेव्हा डब्यातली उत्तरेकडची पाटी मुनसान सांगते. तिथून पुढे मोजकीच स्टेशनं, शेवटची दोन इमजिनगांग आणि दोरासान. दोरासान उत्तर कोरियाच्या सीमेलगतच्या लष्करी पट्ट्यात आहे, तिथे मनात आलं म्हणून उतरता येत नाही.

2019 च्या वसंतात पासपोर्ट दाखवून, बसच्या सहलीतून मी दोरासानला गेलो होतो. काचेची भव्य इमारत, चकाचक फरशी, सामान तपासायचं यंत्र, आणि 'प्याँगयांगकडे जाणाऱ्या गाड्या' अशी पाटी लावलेलं दार. बाहेरच्या फलकावर एका बाजूला सोल 56 किलोमीटर, दुसऱ्या बाजूला प्याँगयांग 205. मी कल्याणचा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कल्याण साधारण 54 किलोमीटर, हे आमच्या घरात पाढ्यासारखं पाठ, कारण बाबा रेल्वेत, रुळांच्या खात्यात. त्या फलकासमोर मला एकदम कळलं की हे किती जवळ आहे. व्हीटीहून निघालेली गाडी कल्याणला आली, आणि पुढे रूळ असून जायची सोय नाही, कर्जत नाही, खंडाळा नाही, पुण्याची मावशी नाही, असं समजा. तेवढंच हे अंतर आहे.

रुळांबद्दल आणखी एक सांगतो, कारण बाबांनी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला होता: "गेज एकच आहे का?" एकच आहे. दोन्हीकडे 1435 मिलिमीटर. मधे डबे बदलायचीही गरज नाही.

आमचे घरमालक खालच्या मजल्यावर राहतात. मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे हाराबोजी म्हणतो, म्हणजे आजोबा. जन्म 1939, केसोंगचा. केसोंग हे दोरासाननंतरचं पहिलं मोठं गाव, जिनसेंगच्या मुळ्यांसाठी नावाजलेलं. गंमत नव्हे, दुर्दैव असं की 1945 मध्ये अडतिसाव्या अक्षांशावरून देश कापला तेव्हा केसोंग दक्षिणेत होतं. हाराबोजींचे वडील जिनसेंग घेऊन गाडीनं सोलला जात, कधीकधी यांना सोबत नेत. खिडकीशी बसायला मिळावं म्हणून लवकर निघायचा हट्ट असे. केसोंगच्या उत्तरेला मात्र रूळ उखडलेले होते.

25 जून 1950 च्या पहाटे त्या उखडलेल्या रुळांवरूनच युद्ध आलं. उत्तरेच्या सैन्यानं रातोरात रूळ पुन्हा जोडले आणि सैनिकांनी भरलेली गाडी सरळ केसोंग स्टेशनात आणून उभी केली. गावातल्या अमेरिकी अधिकाऱ्यानं सैनिक उतरताना पाहिले, ते इतिहासात नोंदलेलं आहे. मार्ग जोडायला किती वेळ लागतो याचं उत्तर त्या रात्री मिळालं होतं, पण कशासाठी!

पुढच्या हिवाळ्यात चिनी सैन्य उतरलं तेव्हा अकरा वर्षांचे हाराबोजी वडिलांबरोबर पायी दक्षिणेला निघाले. आई आणि तान्ही बहीण मागे राहिल्या. चार दिवसांत परत यायचं ठरलं होतं. युद्धबंदी झाली तेव्हा केसोंग रेषेच्या पलीकडे गेलं होतं.

2024 मध्ये छुसोक आणि आपली अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली, 17 सप्टेंबरला. छुसोक म्हणजे इथला पितरांचा आणि सुगीचा सण. घरातला शाडूचा छोटा गणपती सकाळीच बादलीत विसर्जित केला आणि हाराबोजींबरोबर इमजिनगाकला, सीमेजवळच्या स्मारकाच्या जागी, गेलो. त्यांच्या सुनेनं डब्यात सोंगप्योन दिले होते, तांदळाच्या उकडीचे, तिळाचं सारण भरलेले. मी मोदक नेले होते. हाराबोजींनी दोन्ही शेजारी शेजारी मांडले.

ज्यांची गावं उत्तरेत राहिली ते लोक सणाच्या दिवशी इमजिनगाकच्या दगडी वेदीपाशी येतात. थडगी पलीकडे, म्हणून इथूनच उत्तरेकडे तोंड करून फळं मांडायची, जमिनीला कपाळ टेकवून दोनदा नमस्कार करायचा. हाराबोजी वाकले, पण उठायला वेळ लागला. मी हात दिला नाही, कारण त्यांच्या मुलानं खुणेनं थांबवलं. त्यांना स्वतः उठायचं असतं.

वेदीपासून जवळच ते इंजिन आहे. 31 डिसेंबर 1950 च्या रात्री उत्तरेकडून माघारी आलेलं हे इंजिन जांगदान स्टेशनात थांबलं आणि शत्रूच्या हाती लागू नये म्हणून दक्षिणेच्याच बाजूनं लढणाऱ्या सैन्यानं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. अंगावर हजारावर भोकं आहेत. पन्नासहून जास्त वर्षं ते निर्मनुष्य पट्ट्यात गंजत पडलं होतं, त्यातून तुतीचं झाड उगवलं होतं. ते झाडही आणून शेजारी लावलंय. रेल्वेवाल्याचा मुलगा म्हणून सांगतो, चाकं बघवत नाहीत.

तिथल्या इमजिन नदीवर पूर्वी रेल्वेचे दोन पूल होते, शेजारी शेजारी. दोन्ही बॉम्बनी पडले. एक दुरुस्त झाला, दुसऱ्याचे नुसते खांब उभे आहेत, गोळ्यांच्या खुणांसकट. 1953 मध्ये 12,773 युद्धकैदी याच ठिकाणाहून दक्षिणेत परतले.

या मार्गाशी आपलंही नातं आहे, आणि ते मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. भारतानं या युद्धात लढायला सैन्य दिलं नाही, डॉक्टर दिले. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांचं 60 पॅरा फील्ड अँब्युलन्स हे पथक डिसेंबर 1950 मध्ये प्याँगयांगला होतं. माघारीचा हुकूम आला, सामान न्यायला वाहनं पुरेनात. औषधं आणि शस्त्रक्रियेचं सामान टाकून जायला रंगराज तयार नव्हते. जवानांनी एक टाकून दिलेलं वाफेचं इंजिन शोधलं, बादल्यांची साखळी करून बॉयलर भरला आणि पूल उडवला जाण्याच्या थोडंच आधी सगळं सामान घेऊन गाडी दक्षिणेला काढली. मार्च 1951 मध्ये रंगराज आणि त्यांचे मोजके सहकारी अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर मुनसानला उतरले. होय, माझ्या गाडीच्या पाटीवरचंच मुनसान.

युद्धबंदी झाल्यावर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या हजारो कैद्यांचा सांभाळ करायला भारताचं रक्षक दल आलं, त्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिणेच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाऊल ठेवायची परवानगीच नाकारली, म्हणून त्यांना इंचॉनच्या जहाजांवरून हेलिकॉप्टरनं सीमेच्या पट्ट्यात नेलं. हाराबोजींना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "थकले असतील बिचारे."

मार्ग पुन्हा जोडलाही गेला होता. 17 मे 2007 ला मुनसानहून केसोंगला चाचणीची गाडी गेली. त्या डिसेंबरपासून मालगाडी जाऊ लागली, वर्षभरानं थांबली. नोव्हेंबर 2018 मध्ये दक्षिणेचे सहा डबे मार्गाची तपासणी करायला थेट सिनउइजूपर्यंत गेले. त्या दिवशी हाराबोजी सकाळपासून टीव्हीसमोर होते. केसोंग स्टेशन दिसेल म्हणून. याच मार्गानं धावपटू सोन गी-जोंग 1936 मध्ये आगगाडीनं बर्लिनला गेले आणि मॅरेथॉनचं सुवर्णपदक घेऊन आले, जन्मानं ते सिनउइजूचेच. आता दक्षिण कोरियातून परदेशी जायचं तर विमान किंवा बोट. बेटच झालंय हे.

छुसोक होऊन महिनाही झाला नव्हता. 15 ऑक्टोबर 2024 ला उत्तरेनं सीमेजवळ स्फोट केले. रूळ आणि स्लीपर काढायचं काम आधीच चालू असल्याचं दक्षिणेचं सैन्य सांगत होतं. रस्ता आणि रेल्वेचा 60 मीटरचा भाग कायमचा तोडला, असं उत्तरेनं जाहीर केलं. धूर टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवत होते. खालच्या मजल्यावर दिवा उशिरापर्यंत चालू होता.

रात्री मी बाबांना फोन लावला. विचारलं, साठ मीटर रूळ टाकायला किती वेळ लागतो?

"पूल शाबूत आहे?"

"आहे."

"खडी, स्लीपर आणून ठेवलेले असतील तर एका रात्रीचा ब्लॉक."

दुसऱ्या दिवशी हाराबोजींना सांगितलं. ब्लॉक म्हणजे काय ते त्यांनी दोनदा विचारून समजून घेतलं: शेवटची गाडी गेली की मार्ग बंद, पहिल्या गाडीआधी काम पुरं. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे पहिली गाडी किती वाजता असते?