तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेलरेटरमधल्या लहरी

केंद्रकीय संमीलनावर, म्हणजे हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्यावर, कुठेही बोललो की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. त्यासाठी प्लाझ्मा, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेला अतितप्त वायू, चुंबकीय क्षेत्रात कोंडावा लागतो, आणि टोकामॅक व स्टेलरेटर ही ते करणारी दोन प्रकारची कड्याच्या आकाराची यंत्रे. प्रश्न असा: "टोकामॅकमध्ये प्लाझ्मातून मोठा विद्युतप्रवाह सोडावा लागतो आणि तो कोसळला की सगळे बिघडते, हे समजले, पण स्टेलरेटरला तो प्रवाह लागतच नाही, मग तिथे अस्थिरता येते कुठून?"

शंका रास्त आहे. चुंबकीय रेषांना लागणारा पीळ बाहेरूनच द्यायचा, ही भौतिकशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांची अमेरिकेतील प्रिन्स्टनमधली १९५१ची कल्पना, आणि तोच स्टेलरेटर. जर्मनीतील ग्राइफ्सवाल्डच्या वेंडेलश्टाइन ७-एक्स या स्टेलरेटरमध्ये हा पीळ मुख्यतः वेड्यावाकड्या आकाराची ५० अतिसंवाहक वेटोळी देतात. त्यामुळे प्रवाहातून उद्भवणारी मोठी संकटे बहुतांशी टळतात, हे खरेच आहे. मात्र अस्थिरतेला ऊर्जा पुरवणारा दुसरा स्रोत कोणत्याही संमीलनयंत्रात असणारच, कारण तो आपल्याला हवाच असतो, आणि तो म्हणजे वेगवान आयन. ड्युटेरियम आणि ट्रिटियम या जड हायड्रोजनांच्या संमीलनातून ३.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे अल्फा कण, म्हणजे हेलियमची केंद्रके, निघतात आणि त्यांच्याच उष्णतेवर पुढचा प्लाझ्मा तापलेला राहायचा असतो. आजच्या प्रयोगांत त्यांची भूमिका बहुधा बाहेरून सोडलेले उदासीन (विद्युतभार नसलेल्या) कणांचे झोत वठवतात, जे प्लाझ्मात शिरल्यावर वेगवान आयन बनतात.

हे आयन अस्थिरता उठवतात त्या लहरींच्या मार्फत. स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ हान्नेस आल्फव्हेन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले की प्लाझ्मातील चुंबकीय रेषा ताणलेल्या तारेसारख्या वागतात: क्षेत्राची तीव्रता हा तिचा ताण आणि आयनांचे वस्तुमान हे तिचे वजन. पाच टेस्ला क्षेत्र आणि अणुभट्टीला साजेशी घनता धरली, तर या तारेवरची लहर सेकंदाला सुमारे ७,००० किलोमीटर वेगाने धावते. अल्फा कण जन्मतो तो सेकंदाला सुमारे १३,००० किलोमीटर वेगाने, म्हणजे मंदावताना त्याला लहरीच्या वेगातून जावेच लागते. तिथे दोघांचा ताल जुळतो, कण आपली ऊर्जा लहरीला देतो, लहर वाढते आणि वाढलेली लहर प्लाझ्माला उष्णता मिळण्याआधीच त्या कणांना भिंतीकडे हाकलते.

एरवी अशा लहरी आपोआप विरतात. शेजारशेजारच्या शंभर तारा किंचित वेगवेगळ्या सुरांत लावल्या, तर एकत्र छेडलेला नाद लगेच विस्कटतो. प्लाझ्मातही प्रत्येक थराचा सूर निराळा असल्याने तसेच होते. पण यंत्राच्या वळणदार आकारामुळे दोन लहरी एकमेकींत गुंततात आणि सुरांच्या त्या सलग पट्ट्यात फटी पडतात. फटीत सापडलेल्या लहरीला विस्कटवणारे कोणी उरत नाही. टोकामॅकमध्ये अशा फटी मोजक्या असतात. स्टेलरेटरचा आकार तीन मितींत वळलेला असल्याने त्याच्या वाट्याला काही जास्तीच्या फटी येतात. आकाराने प्रवाहाची कटकट मिटवली आणि त्याच आकाराने हे नवे बिऱ्हाड आणून ठेवले, असे म्हणायला हरकत नाही.

म्हणून लहर दाबण्यापेक्षा फटीची रचना बदलणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. जपानमधल्या क्योतो विद्यापीठाच्या हेलिओट्रॉन जे या स्टेलरेटर-जातीच्या यंत्रात आतल्या आणि बाहेरच्या थरांच्या पिळात मुळातच फारसा फरक नसतो, त्यामुळे विस्कटण्याची ती नैसर्गिक क्रिया दुबळी पडते. तिथे गायरोट्रॉनमधून (शक्तिशाली सूक्ष्मलहरी निर्माण करणाऱ्या नळीतून) निघालेला सूक्ष्मलहरींचा झोत तिरका सोडून इलेक्ट्रॉनांचा छोटासा प्रवाह निर्माण करण्यात आला. त्याने थराथरांतील पिळाचा फरक वाढवला आणि हा फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर वेगवान आयनांनी उठवलेली लहर मावळली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण इथे उलटी वाचावी लागते: सुंभ शाबूत ठेवून पीळ तेवढा हलवायचा आहे.

तरीही हा उपाय प्रत्येक यंत्राला मानवत नाही. वेंडेलश्टाइनमध्ये कडेचा पीळ नेमका ठेवावा लागतो, कारण बाहेर पडणारी उष्णता त्या पिळामुळे बनलेल्या चुंबकीय बेटांच्या आधाराने नियोजित पट्ट्यांवर उतरते. काही हजार अँपिअरच्या प्रवाहानेही ती जागा सरकते. गाभ्याजवळ असाच प्रवाह सोडला असता तिथला पीळ एकच्या आकड्यापाशी (यंत्राच्या एका फेरीत रेषेचा एक पूर्ण वळसा) पोहोचला आणि गाभ्याचे तापमान पुन्हापुन्हा कोसळू लागले. ज्या प्रवाहापासून सुटका म्हणून स्टेलरेटर बांधायचा, तोच औषध म्हणून द्यायचा झाला, तर मात्रा चिमटीने मोजावी लागते.