बारोलोच्या द्राक्षमळ्यांतली हाफ ट्रेल: आधी बूट बघा, मग बाकीचं

शर्यतीच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं: मार्ग पळण्याजोगा, साधे रोडचे बूट चालतील. ज्याने कुणी हे लिहिलं त्याने पाऊस पडून गेल्यावर हा मार्ग पाहिलेला नाही. एप्रिलमध्ये इटलीत, पिएमोंतेमधल्या लांगेच्या टेकड्यांत पळायला जाणार असाल तर त्या ओळीवर विसंबू नका. सिंहगडाचा सराव असलेल्याला इथले चढ जड जात नाहीत, त्यामुळे चढांबद्दल फार लिहीत नाही. उतारांबद्दल लिहिणार आहे.

मार्ग बारोलो गावातून निघतो, नोवेल्लोला चढतो, तिथून धारेने वेर्न्येवरून ला मोर्रा, मग खाली अनुन्त्सियाता आणि मळ्यांतून परत बारोलो. बारोलो साधारण ३०० मीटरवर, ला मोर्रा ५०० च्या वर. मधे चढउतार इतके आहेत की माझ्या घड्याळाने एकूण चढाई ८०० मीटरच्या पुढे दाखवली आणि अंतर साडेबावीस किलोमीटर. रोडच्या हाफ मॅरेथॉनला लागणाऱ्या वेळेत निदान पाऊण तास मिळवा आणि त्या हिशेबानेच खाणं-पाणी घ्या.

ला मोर्रापर्यंत सगळं सुरेख. धारेवरून पश्चिमेला बर्फाच्छादित आल्प्स आणि त्यात मोनविझोचा सुळका. पाय हलके, हवा थंड.

मग ला मोर्राहून अनुन्त्सियाताकडे उतरायला लागलो. इथली माती करडी-निळसर, चुना आणि चिकणमाती मिसळलेली. लाखो वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाचा हा गाळ. सुकी असते तेव्हा ढेकळं दगडासारखी टणक, पळायला उत्तम. आदल्या रात्री पाऊस झाला होता. मराठवाड्यात पावसाळ्यात शेतातून चालताना चपलेला काळ्या मातीचे थर चढतात, अगदी तसं झालं. चार पावलांत बुटाच्या तळाची नक्षी भरली, दहा पावलांत एकेक बूट दुप्पट जड. त्यात मार्ग मळ्याच्या कडेने सरळ उताराला लावलेला. ट्रॅक्टरच्या चाकांच्या दोन खोल चऱ्या आणि मधे गुळगुळीत पाठ. चरीत पाय घातला तर घोटा फिरतो, पाठीवर ठेवला तर बूड टेकतं. माझ्या आजूबाजूचे सगळेच आडवे पाय टाकत, हात पसरून उतरत होते. शर्यतीतला सर्वात वेगवान म्हणून छापलेला हा टप्पा मी चढापेक्षा हळू केला.

तिथे पळायची एकच रीत आहे. चरी सोडा आणि कडेच्या गवतावरून जा. बऱ्याच मळ्यांत दोन ओळींमधे गवत राखलेलं असतं, पण शर्यतीच्या फिती जिथे नेतात तेवढ्यातच राहा, ओळींत शिरू नका. आणि तोल गेला तरी वेल किंवा तार धरू नका. हे मी कळकळीने सांगतोय. एप्रिलमध्ये नेब्बिओलोला, म्हणजे इथल्या द्राक्षाच्या जातीला, नुकते कोंब फुटलेले असतात, बोटभर, लोकरीसारखे मऊ, कडेला गुलाबी झाक. गेल्या वर्षीची एक लांब काडी आडवी वाकवून तारेला बांधलेली असते, काही मळ्यांत अजून वाळुंजाच्या लालसर फांदीने. नेब्बिओलोच्या काडीवरचे बुडाजवळचे डोळे (जिथून कोंब फुटतात ते) सहसा फळ देत नाहीत, घड पुढच्या डोळ्यांवर धरतात. तो कोंब तुमच्या हाताने मोडला की त्याचा यंदाचा घड गेला. त्यापेक्षा बुडावर बसा.

बुटांबद्दल माझं मत पक्कं आहे: ५-६ मिलिमीटरची, लांब-लांब बसवलेली नक्षी. दाट नक्षीत चिखल अडकून राहतो. शर्यतीआधीचे दोन दिवस कोरडे गेले असतील तरच रोडच्या बुटांचा विचार करा. काठ्या न्यायच्या तर नियमांत परवानगी आहे का ते आधी बघा.

दुसरी गोष्ट वैद्यकीय दाखल्याची. इटलीतल्या या स्पर्धेत उतरायला मला तो लागला; आता काय लागतं ते आयोजकांना आधी विचारा. १९८२ च्या तिथल्या सरकारी आदेशानुसार लघवीची तपासणी, स्पायरोमेट्री (फुप्फुसांची तपासणी), विश्रांतीतला आणि श्रमानंतरचा ईसीजी या गोष्टी त्यात येतात. घराजवळच्या डॉक्टरांचं ‘फिट’ लिहिलेलं पत्र पुरत नव्हतं. दाखला मागितला असेल तर आयोजकांचाच नमुना छापून न्या, त्यावर तारीख, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक घ्या. बिब (छातीवरचा क्रमांक) देताना माझ्या पुढच्या धावपटूला याच कागदावरून परत पाठवलं.

पैशांचं. टुरिनहून आल्बापर्यंत ट्रेनने स्वस्तात येता येतं, कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी यंत्रात शिक्का मारून घ्या. आल्बाहून बारोलो जेमतेम १५ किलोमीटर, पण रविवारी बसच्या भरवशावर राहू नका. शनिवारी संध्याकाळी स्टेशनाबाहेर टॅक्सीवाल्याने मला या अंतराचे ६० युरो सांगितले आणि द्यावे लागले, कारण दुसरी गाडी नव्हती. ही सरळ लूट आहे. राहायच्या जागेच्या मालकांना आधी लिहून गाडी ठरवा, दोन्ही वेळची, आकडा लेखी घेऊन. हॉटेलच्या बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसतील, ती मात्र लूट नाही, बसण्याचा रीतसर आकार आहे.

शाकाहारी मंडळींनी ‘प्लिन’ नावाची चिमटीएवढी आन्योलोत्ती, म्हणजे सारण भरलेला पास्ता, मागवू नये. वरून नुसतं लोणी आणि सेजची सुगंधी पानं असली तरी आत मांस असतं. अंडं चालत असेल तर ताजारिन, म्हणजे अंड्याचा बारीक शेवयांसारखा पास्ता, लोणी-सेज घालून. शर्यतीच्या थांब्यांवर संत्री, बिस्किटं, चीज भरपूर होतं, कप मात्र नव्हते. घडीचा कप न्या.

आणि बूट त्याच दिवशी धुवा, ओले असतानाच, काडीने नक्षी कोरून. ही माती वाळली की निघत नाही. माझ्या बुटांतून ती अजून निघतेय.