फाईल आत तुटली तर…

परवा परत झालं. एका काकूंच्या खालच्या दाढेचं रूट कॅनॉल चाललं होतं, पुढच्या मुळाला चांगलाच बाक, मुळातली नळी साफ करायची सुईसारखी फाईल फिरता फिरता बारीकसं टक् झालं आणि बाहेर काढून बघते तर टोकाचे तीनेक मिलिमीटर गायब. पोटात गोळा येतो हो, इतकी वर्षं झाली तरी येतो.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे हात थांबवणं. लगेच दुसरी फाईल घालून टोचत बसलं की तुकडा आणखी खाली जातो. एक्सरे काढायचा, तुकडा बाकाच्या वर आहे की पलीकडे ते बघायचं. वर असेल आणि सरळ दिसत असेल तर मायक्रोस्कोपखाली अल्ट्रासॉनिक टिपने (वेगाने थरथरणाऱ्या बारीक टोकाने) त्याच्याभोवती थोडं कोरून सैल करता येतो, पण त्याआधी बाकीच्या कॅनॉलच्या, म्हणजे मुळातल्या नळ्यांच्या, तोंडावर कापूस ठेवायचा, नाहीतर उडून तिकडे जाऊन बसतो. पलीकडे असेल तर मी ८ किंवा १० नंबरची हाताची फाईल टोकाला किंचित वाकवून बाजूने जागा मिळते का बघते, आणि नाहीच मिळाली तर तुकडा तिथेच ठेवून त्याच्या वरपर्यंत नीट साफ करून भरते, कारण काढायच्या हट्टापायी मूळ कोरून कोरून पातळ केलं की पुढे दाढच चिरते.

निकेल टायटॅनियमच्या फाईलचं हेच अवघड आहे, स्टीलच्या फाईलचे पीळ उलगडलेले बऱ्याचदा आधी दिसतात, ही मात्र बाकात फिरून फिरून थकते आणि वरून अगदी नवी दिसते.

पेशंटला मी त्याच बसण्यात सांगते, एक्सरे समोर धरून. काकूंनी विचारलं, "आत गंजेल का गं?" गंजत नाही, तुकड्याने स्वतःहून काही बिघडत नाही, त्याच्या खालचा भाग साफ व्हायचा राहिला आणि तिथे जंतू असले तर त्रास होतो. त्यांची नस जिवंत होती, मुळाच्या टोकाला एक्सरेत काळं काही नव्हतं, साफसफाई जवळपास संपत आली होती, म्हणून तुकडा राहू दिला. पू असता आणि सुरुवातीलाच तुटली असती तर मी रूट कॅनॉल स्पेशालिस्टकडे पाठवलं असतं.

सगळं केसपेपरवर लिहून ठेवलंय, तुकडा कुठे, केवढा. सहा महिन्यांनी परत एक्सरे. काकू जाताना तो फोटो मोबाईलवर मागून घेऊन गेल्या, पुढच्या डॉक्टरला दाखवायला.